मारुती ८०० ला दुसरं इंजिन: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

काल भाऊबीज. आण्णा आत्याकडे रत्नागिरीला गेले होते. आज परत येताना आंबा घाट चढून वर आले आणि गाडी गेली. ते सांगतात ते असं: आधी बारीक टकटक, मग ठोके, मग बॉनेटखाली घण घातल्यासारखा एकच आवाज, आणि बंद. टेम्पो घेऊन गेलो. आंब्यापासून कोल्हापूरपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर दोरावर ओढून आणायला रात्रीचे नऊ झाले.

दारात टॉर्च मारून पाहिलं. ब्लॉकच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, आणि त्या भोकातून कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) मोडकं टोक बाहेर आलेलं. ऑईलचा टिपूस नाही. डिपस्टिक कोरडी.

ऑईलच्या दाबाच्या बत्तीबद्दल आण्णा तीन वेळा एकच वाक्य बोलले, "बत्ती लागलीच नाही रे. मी बघत होतो."

७ नोव्हेंबर

मिस्त्रींनी येऊन पाहिलं. बोअर करा, स्लीव्ह घाला हा विषयच नाही, ब्लॉक गेला. क्रँकला बिगेंड (रॉडचं खालचं टोक) चिकटून निळा पडलाय. दुसरं इंजिन किंवा भंगार.

घरात सगळ्यांचं मत भंगाराचं. माझं नाही. गाडी १९९७ ची, पहिल्यापासून आण्णांकडेच. पत्रा खालून शाबूत आहे, दोन वर्षांपूर्वी फ्लोअर वेल्डिंग करून घेतलाय. नोंदणीचं नूतनीकरण २०२७ पर्यंतचं आहे, पर्यावरण कर भरलेला आहे. आणि मुख्य म्हणजे आण्णा ७४ वर्षांचे आहेत. या गाडीचे चारही कोपरे त्यांना सीटवरून दिसतात, क्लच कुठं पकडतो ते पायाला माहीत आहे. नव्या गाडीत त्यांना बसवलं तर ते चालवणं सोडतील. तेव्हा इंजिन बदलायचं. काय केलं आणि का केलं ते रोजच्या रोज लिहून ठेवणार.

१० नोव्हेंबर

इचलकरंजी रस्त्यावरच्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडे गेलो. "आठशेचं इंजिन आहे, नंबर एफ८बी नंच सुरू होतो, बघून घ्या." नंबर खरंच एफ८बी. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, सगळं आमच्यासारखंच. किंमतही बरी. पण खाली बसून पाहिलं तर ऑईल चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) आकार वेगळा, फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, ब्रॅकेट भलत्याच जागी. ते ओम्नीचं इंजिन होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओम्नीतही एफ८बी च होतं, पण ते सीटखाली लांबीच्या दिशेनं बसतं आणि प्रॉपेलर शाफ्टमधून मागची चाकं फिरवतं. ८०० मध्ये तेच इंजिन बॉनेटखाली आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. म्हणून पोटातलं पिस्टन-रिंगांचं सामान दुकानात 'मारुती कार/व्हॅन' अशा एकाच डब्यात मिळतं, आणि चेंबर, फाउंडेशन मागितलं की दुकानदार आधी विचारतो, कार का व्हॅन?

मिस्त्री म्हणाले, आपलं जुनं चेंबर, ब्रॅकेट, मॅनिफोल्ड काढून त्याला लावता येईल, पुष्कळांनी केलंय. पण आमच्या जुन्या चेंबरलाही रॉडचा मार बसलाय. नको म्हटलं.

१२ नोव्हेंबर

एकानं फोनवर अल्टोचं इंजिन सुचवलं. "तेही आठशेच सीसी, उलट जास्त ओढतं." ते एफ८डी. बोअर-स्ट्रोक तेच, पण १२ व्हॉल्व्हचं हेड, आमच्यात सहा. आणि एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शननं पेट्रोल. त्यासाठी टाकीत इलेक्ट्रिक पंप, दाबाची पाइपलाइन, रिटर्न लाइन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळी वायरिंग. आमच्याकडं कॅमशाफ्टवरून चालणारा पंप आणि कार्बोरेटर. अर्धी गाडी नवीन करावी लागेल, आणि कागदाचं काय, हा प्रश्न राहतोच.

१३ नोव्हेंबर

कागदाचं विचारायला अर्धी रजा टाकून ताराबाई पार्कात आरटीओत गेलो. काम झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीचा तपशील उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी ठाम केलं. इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसी बुकावर नवा नंबर चढवून घ्यायचा. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं: त्याच मॉडेलचं इंजिन, खरेदीची पावती, इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा. "नुसता नंबर आणि भंगारवाल्याची चिठ्ठी आणू नका," म्हणाल्या.

या एका वाक्यानं माझा शोध बदलला. आता सुटं इंजिन नको, आख्खी गाडी शोधायची. जिचा पत्रा गेलाय आणि मालक ओळखीतला आहे अशी.

१७ नोव्हेंबर

सापडली. आजरा तालुक्यात कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या मामांच्या गोठ्यात. १९९९ ची ८००, कार्बोरेटरचीच. आजऱ्याच्या पावसानं पत्रा असा खाल्लाय की ड्रायव्हरच्या पायाखाली शेण दिसतं. तीन वर्षं उभी. मामांनी नोंदणी रद्द करायचा अर्ज आधीच केलेला, आरसी बुक हातात, नाव त्यांचंच.

तीन वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल्फ मारायचा नाही. प्लग काढून तिन्ही भोकांत चमचा-चमचा ऑईल सोडलं, चहा घेतला, मग क्रँक पुलीला पाना लावून हातानं फिरवलं. पहिला पाव फेरा जड गेला, मग सुटलं. पूर्ण दोन फेरे, कुठं अडकलं नाही. नंतर सोबत नेलेली बॅटरी लावून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) पाहिलं. ऑईल सोडल्यावर पहिली रीडिंग खोटी येतात, रिंगांभोवती ऑईल बसून दाब वाढतो. म्हणून आधी बराच वेळ सेल्फवर फिरवून ऑईल बाहेर फेकू दिलं आणि मगच लिहून घेतलं: १४५, १५०, १४० पौंड. थंड इंजिन, तीन वर्षं बंद, आणि तिघांत दहा पौंडांचा फरक. मला पुरेसं वाटलं.

ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं घासून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. अक्षरं एकसारख्या खोलीची, ओळ सरळ, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची खूण नाही. आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला. कार्बोरेटर, सेल्फ, अल्टरनेटरसकट १४,००० ला ठरलं. मामांनी पावतीवर दोन्ही नंबर लिहून सही केली.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान करून आलो आणि जुनं इंजिन काढायला घेतलं. मिस्त्रींना ऊस ट्रॅक्टरच्या हंगामामुळं एरवी वेळ नाही, आज दिवसभर मिळाले. बॉनेट, रेडिएटर, होज, वायरी. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी बांधून नाव. ॲक्सल सुटले, चेन ब्लॉकला लटकवून इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच वर घेतलं.

२१ नोव्हेंबर

आज जे सापडलं ते लिहायला जड जातंय, पण नोंद आहे म्हणून लिहितो.

नवं इंजिन बसवण्याआधी जुनं का मेलं ते कळलं पाहिजे, नाहीतर नवंही त्याच वाटेनं जाईल. जुनं इंजिन फरशीवर आडवं करून चेंबरचा ड्रेन बोल्ट पाहिला. हातानं फिरला. पाना लागला नाही. त्याखालचा वॉशर जुनाच, चेपून एका बाजूला पातळ झालेला, आणि तिथून मागं चेंबरभर ऑईलचा ओघळ वाळलेला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी ऑईल मी बदललं होतं. नवा वॉशर आणला नव्हता, दुकान बंद होतं, जुनाच टाकला. बोल्ट घट्ट केल्याचं आठवतं, पण किती, ते आठवत नाही.

दुसरी गोष्ट बत्तीची. ऑईल प्रेशर स्विचला जाणारी वायर टोकाशी तुटलेली. इन्सुलेशनच्या आत तुटली होती, बाहेरून धड दिसायची. स्विच दाब नसला की अर्थ देतो आणि बत्ती लागते. वायरच तुटली तर दाब असो-नसो, बत्ती विझलेलीच. म्हणजे आण्णा खरं सांगत होते. ते बघत होते आणि बत्ती लागली नाही.

संध्याकाळी त्यांना वॉशर दाखवला आणि सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला, मग म्हणाले, "चावी दिल्यावर बत्ती लागते का, हे मी बघायला पाहिजे होतं. तू वॉशर बघायला पाहिजे होतास. आता दोघंही बघू." जेवायला बसलो.

१ डिसेंबर

दोन्ही इंजिनं गॅरेजच्या फरशीवर शेजारी-शेजारी. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, दिवसभर हेच करतो: हा भाग त्या भागासारखा आहे का? 'सेम आहे' हे उत्तर आमच्याकडं चालत नाही, मोजून दाखवावं लागतं.

गिअरबॉक्स आमचाच ठेवायचा, तो चांगला आहे. म्हणून पहिली तपासणी गिअरबॉक्सच्या तोंडाची. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा गिअरबॉक्सच्या तोंडावर धरून कडेनं हलक्या हातोडीनं ठोकत गेलो. प्रत्येक बोल्टचं भोक आणि दोन्ही डॉवेलच्या (दोन भाग नेमके जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांच्या) जागा पुठ्ठ्यात उमटल्या. तो पुठ्ठा नव्या इंजिनाच्या मागच्या तोंडावर ठेवला. डॉवेल पुठ्ठ्यात बरोबर घुसले, सगळी भोकं समोरासमोर. बोल्ट जुळले तर नुसतं बसतं. डॉवेल जुळले तरच क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येतात, आणि ते चुकलं तर क्लच आणि बेअरिंग काही महिन्यांत जातात.

फ्लायव्हील: रिंगचे दात खडूनं खूण करून दोन्हींचे मोजले, सारखे. पण आजऱ्याच्या फ्लायव्हीलचे तीन-चार दात एका जागी झिजलेले, सेल्फ तिथंच घसरला असता. आमचं फ्लायव्हील चांगलं होतं, बोल्टांचं वर्तुळ व्हर्नियरनं मोजून तेच लावायचं ठरलं. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी, प्लेटचे स्प्लाइन आमच्या शाफ्टवर सरकवून पाहिले, न अडकता, न खडखडता.

फाउंडेशनच्या जागा जुळल्या. रबर मात्र तिन्ही नवी. चेंबर सारखं, सायलेन्सरच्या पहिल्या पाइपाचा फ्लँज सारखा, पाण्याची तोंडं सारखी. डिस्ट्रिब्युटरचा वायरीचा प्लग वेगळा निघाला, म्हणून आमचाच डिस्ट्रिब्युटर त्यावर चढवायचा. कार्बोरेटरही आमचा, त्याच्या सवयी माहीत आहेत.

५ डिसेंबर

हेड उघडलं. पॅकिंग बदलायचंच होतं, आणि आत न बघता इंजिन बसवायला मन होईना. पिस्टनवरचा कार्बन खरवडल्यावर तिन्हींच्या माथ्यावर आकडा दिसला: ५०. म्हणजे हे इंजिन आधी एकदा उघडलंय, सिलेंडर घासून ०.५० मिमी मोठे (ओव्हरसाइझ बोअर) केलेत. मी स्टँडर्ड रिंग सेट आणून ठेवला होता. तो परत केला. सिलेंडरची भिंत नखाला लागत नाही, होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसतात, कॉम्प्रेशन बरं आहे, तेव्हा रिंगा आहेत तशाच. आकडा मात्र वहीत लाल शाईनं. पुढं कधी पिस्टन मागवताना हाच लागेल.

६ डिसेंबर

हेड उद्यमनगरात फेसिंगला दिलं. सरळपट्टी ठेवून खाली फिलर (फट मोजायची पातळ पानं) घातला तेव्हा मधल्या सिलेंडरपाशी पातळ पान आरपार जात होतं. हेड ॲल्युमिनियमचं, कधीतरी तापलेलं असणार. शिवाजी उद्यमनगरात हे काम अजून तासाभरात होतं, ही या गावाची श्रीमंती आहे. लेथवरच्या काकांनी हेड हातात घेऊन नुसतं उजेडाकडं धरलं आणि कुठं बसलंय ते बोटानं दाखवलं. माझ्या फिलरनं तेच सांगितलं होतं.

८ डिसेंबर

हेड बसवलं, नट मधून बाहेरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं तीन टप्प्यांत. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑईल सील नवी. क्रँक हातानं दोन फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जागेवर येतात का पाहिलं. आल्या. टॅपेट भरले, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी जुळवल्या.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर. घट्ट केल्यावर बोल्ट आणि चेंबरवर मिळून पांढऱ्या मार्करनं एक रेघ ओढली. बोल्ट जरा हलला तरी रेघ तुटेल.

१४ डिसेंबर

इंजिन गाडीत. सकाळी नऊ ते रात्री आठ.

१५ डिसेंबर

प्लग न लावता आधी सेल्फ मारला, ऑईलचा दाब तयार होईपर्यंत. नवी वायर टाकलेली बत्ती चावी दिल्यावर लागली, सेल्फ मारता मारता विझली. त्या वेळी आण्णा ड्रायव्हरच्या सीटवर होते. "गेली," म्हणाले. मग प्लग, करंट, पेट्रोल. तिसऱ्या सेल्फला सुरू. थोडा निळा धूर, सिलेंडरमध्ये सोडलेलं ऑईल जळत होतं, दहा मिनिटांत साफ.

१७ डिसेंबर

गडबड आहे. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा थंडच्या खुणेवरून हलत नाही. चोक काढला की इंजिन अडखळतं. सेन्सरची वायर धड, गेज जुनंच.

१८ डिसेंबर

थर्मोस्टॅटची (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) टोपी उघडली. आत थर्मोस्टॅट नाही. आजऱ्यात कुणीतरी घाटात गाडी तापते म्हणून काढून टाकला होता. आपल्याकडं हा उपाय सर्रास होतो. मग रेडिएटर तुंबलेला तसाच राहतो, आणि इंजिन कायम गार चालून पेट्रोल खातं, ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं, बोअर झिजतो. हेड कधीतरी तापलं होतं त्याचं कारणही तिथंच असावं.

मी १ तारखेला सगळी मापं घेतली ती जे भाग होते त्यांचीच. नसलेल्या भागाचं माप कोण घेणार? वहीत नवी ओळ: जुन्या इंजिनाचा प्रत्येक भाग उतरवताना विचारायचं, याच्या जागी नव्यात काय आहे?

जुन्या इंजिनातला थर्मोस्टॅट काढला, त्यावर ८२ कोरलेलं. स्वयंपाकघरात पातेल्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापवलं, शेजारी थर्मामीटर. ऐंशीच्या पुढं जाताच चकती हळूच उचलली गेली, पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली, गार होताना मिटली. चांगला आहे. नव्या पॅकिंगसह बसवला. संध्याकाळी काटा मधोमध येऊन थांबला, पंखा लागला, सुटला. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन: १६०, १६५, १६०.

२१ डिसेंबर

पीयूसी. बीएस-२ (भारत स्टेज-२ प्रदूषण निकष) च्या आधीच्या चारचाकीला निष्क्रिय गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. आमचं १.६ आलं. कार्बोरेटरचा स्क्रू अजून अर्धा फेरा आत घेता येईल.

२३ डिसेंबर

आरटीओत अर्ज. पावती, आजऱ्याच्या गाडीचं नोंदणी रद्दचं पत्र, दोन्ही आरसी, विमा, पीयूसी. १४ दिवसांतला नववा दिवस. बाईंनी मला ओळखलं. विमा कंपनीलाही नंबर बदलाचं पत्र दिलं. ते राहिलं तर पुढं दाव्याच्या वेळी पॉलिसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा.

३ जानेवारी २०२५

निरीक्षकांनी गाडी पाहिली. नंबरपर्यंत हात जाईना म्हणून आरसा आणि टॉर्च मीच धरला. पेन्सिलचा ठसा घेतला, माझ्या १७ नोव्हेंबरच्या ठशाशेजारी ठेवला. मंजूर.

१८ जानेवारी

नवं आरसी आलं. चासी नंबर जुनाच. इंजिन नंबर आजऱ्याचा. मामांना फोटो पाठवला.

२६ जानेवारी

आण्णांना घेऊन आंबा घाट. खाली साखरप्यापर्यंत उतरून पुन्हा चढलो, चढताना ते स्वतः चालवत होते, दुसऱ्या गिअरमध्ये, घाईगडबड नाही. काटा मधोमध. ४ नोव्हेंबरला जिथं गाडी थांबली होती त्याच झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि मला काही न बोलता बॉनेट उघडलं. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. ऑईल वरच्या खुणेवर. मी खाली वाकून पाहिलं, पांढरी रेघ अखंड.

ऑईल बदलून ६१२ किमी. पुढचा बदल १००० ला. वॉशर दोन आणून ठेवलेत, एक गाडीत, एक घरी.